दोन पट आणि एक उंबरा

माझं लग्न ठरवायला जी मंडळी सांगलीला आमच्या घरी आली, त्यांत माझे होणारे सासरेही होते. पण त्या दिवशी त्यांनी मला पाहिलंच नाही. ते आले, बैठकीत बसले, पाणी प्याले आणि त्यांची नजर खिडकीखालच्या तिपाईवर गेली. तिथं माझ्या वडिलांचा बुद्धिबळाचा पट होता आणि त्यावर आदल्या संध्याकाळचा अर्धा राहिलेला डाव.

“कुणाची पाळी हाय?” त्यांनी विचारलं.

“काळ्यांची,” वडील म्हणाले.

“मग काळं मेलं.”

वडील छापखान्यात जुळारी होते. दिवसभर शिशाची उलटी अक्षरं जुळवायची आणि संध्याकाळी कृष्णेच्या घाटाजवळच्या क्लबात जाऊन बुद्धिबळ खेळायचं, हा त्यांचा नेम. काळे मोहरे त्यांचे होते, त्यामुळे ते वाक्य त्यांना लागलं. “मेलं म्हणजे कसं?” म्हणत त्यांनी खुर्ची पुढं ओढली. पाहुण्यांनी आपली खुर्ची ओढली. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तेव्हा दोघं मिळून नवा डाव मांडत होते.

आईनं खाकरून पाहिलं. माझ्या मामानं जरा मोठ्यानं खाकरून पाहिलं. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, तो मुलगा फौजेतून रजेवर आला होता. तो मान खाली घालून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. फक्त होणाऱ्या सासूबाई निवांत होत्या. घरी रोज हेच चालत असावं, अशा चेहऱ्यानं त्या पोहे खात होत्या.

सासरे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. फलटणजवळच्या त्यांच्या गावात त्यांना नावानं कुणी ओळखतच नसे. लहानथोर सगळे सुभेदार म्हणत. डाव रंगात आला, आणि अचानक सुभेदारांचा राजा आपल्या जागेवरून उठला, घोड्यासारखा अडीच घरं उडाला आणि भलत्याच ठिकाणी जाऊन बसला.

वडील बघतच राहिले. “अहो, राजा उडी मारत नाही.”

“आमचा मारतो. शह लागला नसंल तर एकदा मारतो.”

“हे जुने देशी नियम झाले. आता सगळीकडे आंतरराष्ट्रीय नियमानं खेळतात.”

“तुमचं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं पळालं, तवा मी काय बोललो का? पावण्याच्या घरात हाय म्हणून गप बसलो.”

वडिलांनी चष्मा काढला. तो काढला की ते वादाला बसणार, हे आम्हां घरच्यांना ठाऊक होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत, हे स्थळ गेलं, असं स्पष्ट होतं. तेव्हा सासूबाईंनी बशी खाली ठेवली आणि मला विचारलं, “तुला येतं का गं ह्ये?”

“येतं,” मी म्हणाले.

“मग ह्या दोघांत खरं कोण बोलतंय?”

“दोघंही. बाबा त्यांच्या नियमानं, आणि पाहुणे त्यांच्या.”

सासूबाई नवऱ्याकडे वळल्या. “आवं, ऐकलंसा का? चहा घ्या. पोरगी पसंत हाय.”

लग्न झालं. बहात्तरचा दुष्काळ सरून पाऊसपाण्याचं पहिलं बरं वर्ष आलं होतं. वडिलांनी माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक लाकडी पट आणि काळ्यापांढऱ्या मोहऱ्यांची पेटी घातली. “कुणी खेळायला भेटलं तर,” एवढंच म्हणाले. नवरा रजा संपवून सरहद्दीकडे परत गेला आणि मी त्या उसाच्या गावात सासू-सासऱ्यांबरोबर राहिले. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई.

सांगलीत मी सायकल चालवत कॉलेजात गेले होते. इथं डोक्यावरून पदर घ्यायचा होता, आणि मामंजी सोप्यात बसलेले असताना माजघराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. तसा कुणी हुकूम काढला नव्हता. पण आजूबाजूच्या घरांतल्या सुना तसंच वागत, म्हणून मीही वागत होते. मामंजी दिवसातून दोनदा मोठ्यानं खाकरून घरात यायचे, म्हणजे मी बाजूला व्हावं. मीही बाजूला व्हायची. त्यापलीकडे आमचा काही संबंध येत नसे.

त्यांचा बुद्धिबळाचा जोडीदार म्हणजे गावचा जुना पोस्टमन. दोघं वर्षानुवर्षं आमच्या सोप्यात बसून खेळत आले होते. मी तिथं गेले त्या पावसाळ्यात पोस्टमन मुलाकडे फलटणला कायमचा राहायला गेला आणि मामंजींची दुपार मोकळी झाली. ऊस वाढत होता, त्यात त्यांनी करण्यासारखं काही नव्हतं. कालव्याच्या पाण्याची पाळी रात्रीबेरात्री यायची, ते गडी बघायचे. मग मामंजी घर बघू लागले.

घर बघू लागले म्हणजे त्यांनी घराची तपासणी सुरू केली. पाण्याच्या कळशा एका रेषेत आहेत का, सरपण उंचीप्रमाणे लावलंय का, चुलीपुढची राख किती वेळानं काढतात. एक दिवस ते सैपाकघराच्या दाराशी उभे राहिले, आत भाकऱ्या थापत बसलेल्या आत्याबाईंकडे बघत. “सगळ्या एका मापाच्या का होत न्हाईत?” त्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. “तुमी खाता तवा एका मापानं खाता का?”

त्या माणदेशातल्या, म्हसवडच्या. आवाज चढवायच्या नाहीत. पण त्या दिवशी दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुला येतं न्हवं ते खेळायला?”

“येतं.”

“मग खेळ बाई ह्यांच्यासंगं. न्हाईतर ह्ये आता भाकरीला बी फौजेत भरती करतील.”

मामंजी तयार होईनात. सून समोर येऊन बसणार आणि सासऱ्याचा वजीर मारणार, हे दृश्यच त्यांना पटत नव्हतं. “लोकं काय म्हणतील?” सोप्यातून त्यांचा आवाज आला.

“ती आत बसंल,” आत्याबाई म्हणाल्या. “तिचा पट तिच्यापाशी, तुमचा तुमच्यापाशी. निरोप मी आणीन.”

अशी सुरुवात झाली. सोप्यात मामंजींचा पट. तो जाड कापडाचा होता, घरं दोऱ्यानं शिवून काढलेली, आणि मोहरे तांबडे नि हिरवे, लाखेचा रंग दिलेले. आत माजघरात माझा लाकडी पट, काळे-पांढरे. त्यांचे हिरवे म्हणजे माझे काळे, त्यांचे तांबडे म्हणजे माझे पांढरे, हे आत्याबाईंना दोन्हीकडे बोटं दाखवून मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. मोहऱ्यांची नावं मात्र त्यांनी स्वतःची ठेवली. वजीर म्हणजे कारभारी. उंटाला त्या तिरका म्हणायच्या. प्यादी म्हणजे पोरं. घोडा आणि हत्ती त्यांनी आहे तसेच राहू दिले.

पहिली चाल माझी होती. मी म्हणाले, “राजापुढचं प्यादं दोन घरं.”

आत्याबाई उठल्या, सोप्यात गेल्या. “ती म्हणतीया, राजाम्होरचं पोरगं दोन घरं.”

“तिला म्हणावं, ह्या घरात प्यादं एकच घर चालतं. प्यादं हाय, टोळ न्हाई.”

आत्याबाई परत आल्या. “टोळ न्हाई म्हणं.”

मी मुकाट्यानं प्यादं एक घर मागं घेतलं. त्या दिवसापासून देशी नियम लागू झाले. पहिल्याच चालीत मागं यावं लागल्यामुळे मला राग आला होता आणि त्या रागात मी चांगली खेळले. संध्याकाळपर्यंत त्यांचा एक हत्ती माझ्याकडे होता. मामंजींनी त्या रात्री जेवताना आमटी फार चांगली झाल्याचं सांगितलं. ते मला उद्देशून होतं, हे आत्याबाईंनी नंतर मला समजावून सांगितलं.

एक डाव तीन-चार दुपारी चालायचा. मधे दळण, निवडण, जनावरं, पै-पाहुणा. डाव अर्धा राहिला की दोन्ही पटांवर दुरड्या पालथ्या घालून ठेवायच्या, कारण कोंबड्यांना मोहरे म्हणजे दाणेच वाटत. शेजारच्या बायका डोकावायच्या आणि विचारायच्या, “आत्ती, ह्या दुरडीखाली काय झाकलंय?” आत्याबाई म्हणायच्या, “लढाई हाय.” त्यांना ती थट्टा वाटायची.

सुरुवातीला आत्याबाई निव्वळ निरोप आणत. फेऱ्या मारून त्यांचे पाय दुखू लागले, तेव्हा त्या उंबऱ्यावरच ठिय्या मारून बसल्या. तिथून त्यांना डावीकडे माझा पट दिसायचा, उजवीकडे मामंजींचा. तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घ्यायचं, एका बाजूची चाल ऐकायची, दुसऱ्या बाजूला सांगायची, आणि मामंजी विचारात गढलेले असले की कधी कधी माझा मोहराही त्यांच्या पटावर स्वतःच हलवायचा. नीट विचार केला तर त्या घरात दोन्ही सेनापतींचे चेहरे बघू शकणारं माणूस त्या एकट्याच होत्या. मी घाबरले की मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. मामंजी मिशीला हात लावू लागले की त्या मला डोळ्यांनी खुणावत नसत, तेवढं इमान त्यांनी राखलं होतं. पण त्यांचं तांदूळ निवडणं थांबायचं. मला तेवढ्यावरून अंदाज यायचा.

मग त्या बोलू लागल्या.

“ह्ये पोरगं कशाला पुढं घालतीस? खाईल की तो तिरका.”

“खाऊ दे, आत्याबाई. त्यानं ते प्यादं खाल्लं की माझ्या हत्तीला वाट मोकळी होते.”

“आन् पोरगं?”

“ते जातं.”

 निरोप द्यायला त्यांनी वेळ लावला. असं दोन-तीनदा झालं. माझं प्यादं मारलं जायचं तेव्हा मामंजी ते पटाबाहेर फेकून द्यायचे, फौजेतल्या माणसाच्या हातानं, बघितल्यासारखं न करता. आत्याबाई ते उचलून सुपाच्या कडेला उभं करून ठेवायच्या. मी एकदा हसले. त्या म्हणाल्या, “तुमास्नी खेळ हाय. माझा नवरा त्यातच होता आणि आता पोरगा बी त्यातच हाय. मला त्ये आडवं पडल्यालं बघवत न्हाई.” सांगून झाल्यावर त्या स्वतःच हसल्या आणि खडे वेचू लागल्या. मी मात्र त्यानंतर प्यादं देताना जरा खालच्या आवाजात सांगू लागले.

आता मी सांगते तो डाव दिवाळीच्या आधीचा. पाऊस थांबला होता, ऊस डोक्यावर गेला होता आणि मामंजी फार्मात होते. मागचे दोन डाव त्यांनी जिंकले होते. मला हा डाव हवा होता. मी विचार करून एक बेत आखला. त्या बेतात कडेचं एक प्यादं जाणार होतं. मी हळूच सांगितलं, “कडेचं प्यादं एक घर पुढं.” आत्याबाईंनी माझ्या पटाकडे पाहिलं, मग पलीकडे पाहिलं आणि मोहरा हलवला. मी माझ्या पटावर प्यादं पुढं केलं आणि वाट बघत बसले. उंट ते खाणार, आणि मग माझा हत्ती सुटणार.

“कारभारी दोन घरं मागं,” आत्याबाईंनी निरोप दिला.

मी गोंधळले. समोर फुकटचं प्यादं असताना मामंजींनी ते खाल्लं नाही. वजीर मागं घेतला. याचा अर्थ त्यांना माझा बेत कळला होता. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि नवा बेत केला. त्यांचं उत्तर आलं, तेही असंच, कशाचा कशाला मेळ नसलेलं. त्यांचा घोडा अशा ठिकाणी आला, जिथं माझं साधं प्यादं त्याला मारू शकत होतं. मी बराच वेळ विचार केला. एवढा अनुभवी माणूस घोडा उगाच देणार नाही, काहीतरी डाव आहे, असं ठरवून मी तो मारला नाही. मामंजींच्या चाली मला इतक्या खोल वाटू लागल्या की रात्री मी अंथरुणात पडून त्यांचाच अर्थ लावत होते.

दुसऱ्या दुपारी निरोप आला, “तिरक्यानं हत्ती मारला.”

माझ्या पटावर त्यांच्या उंटाच्या वाटेत हत्ती नव्हताच. “कुठला हत्ती, आत्याबाई?”

“तुझाच की. तुझं मांडायला काय तरी चुकलं असंल. दुरडी उचलताना सरकलं असंल.”

त्यांचा चेहरा सुपात होता. मला खरंच वाटलं की माझंच चुकलं. मी एक हत्ती उचलून बाजूला ठेवला. त्यानंतर माझी परिस्थिती बिघडत गेली. मी एकेक चाल सांगत होते, पलीकडून उत्तरं येत होती, आणि माझ्या पटावर माझा राजा कोपऱ्यात एकटा पडत चालला होता. मी हार मानायच्या बेतात होते. तेवढ्यात सोप्यात एकदम शांतता झाली. मामंजींचं ‘हं’ नाही, खाकरणं नाही, काही नाही. आत्याबाई उंबऱ्यावर ताठ बसल्या होत्या. तांदूळ सगळे एका बाजूला लोटलेले.

“काय झालं?” मी विचारलं.

“शह दिला,” त्या म्हणाल्या. “ह्ये हलंनात.”

“कुणी शह दिला?”

“आपण.”

मी माझ्या पटाकडे पाहिलं. आम्ही कुणालाही शह दिलेला नव्हता. उलट पुढच्या एका चालीत मला मात होणार होती. तेवढ्यात मामंजींचा आवाज आला, हळू, जवळजवळ आदरानं. “सूनबाईला सांग, प्यादेमात हाय. माझ्या उभ्या जन्मात मला कुणी प्यादेमात दिली न्हाई.”

देशी खेळात प्याद्यानं राजाला मात देणं हा सगळ्यांत मोठा मान. आणि तो मान मला मिळाला होता, माझ्या पटावर मी हरत असताना. मी कसलाही विचार न करता लाकडी पट दोन्ही हातांनी उचलला, मोहरे पडू न देता, आणि उंबरा ओलांडून सोप्यात आले. मामंजी चपापून उठू लागले. मी पट त्यांच्या पटाशेजारी ठेवला.

दोन पट शेजारीशेजारी होते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्यांच्या पटावर माझी बहुतेक सगळी प्यादी जिवंत होती, एकमेकांना धरून चालत निघाल्यासारखी, आणि त्यांतलंच एक त्यांच्या हिरव्या राजाच्या अंगावर गेलेलं होतं. माझ्या पटावर मोजकीच प्यादी उरली होती आणि माझा राजा कोपऱ्यात मरायला टेकला होता. मामंजींनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. मग आम्ही दोघांनीही उंबऱ्याकडे पाहिलं.

आत्याबाई पदरानं सूप पुसत होत्या.

“आवं, त्ये कडेचं पोरगं मारायला निघाली होती ही,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी घोडा आणून ठिवला त्याच्या राखणीला. मग पुढचं सगळं बदललं. हिला तुमचं खरं सांगत होते. तुमास्नी हिचं… जमंल तेवढं सांगत होते. न्हाई जमलं तितं माझं सांगितलं.”

“म्हणजे मी खेळलो कुणासंगं?” मामंजींनी विचारलं.

 मामंजींनी टोपी घातली आणि कालव्याकडे निघून गेले. दिवस मावळल्यावर परत आले, जेवले, झोपले. आमटीबद्दल काही बोलले नाहीत. आत्याबाईंनी मला रात्री हळूच विचारलं, “लय राग आला असंल का गं?” मी सोप्याकडे बोट दाखवलं. तिथं त्यांच्या पटावर दुरडी पालथी घातलेली होती. मामंजींनी डाव मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. आत्याबाई सूप घेऊन उंबऱ्याकडे आल्या, सवयीनं. सोप्यात मामंजींनी कापडी पट झाडून पसरला होता आणि दोन्ही बाजूंचे मोहरे मांडले होते. तांबडे त्यांनी समोरच्या बाजूला लावले होते. समोर एक घोंगडी घडी करून घातली होती. ते आत्याबाईंकडे न बघता म्हणाले, “बसा.”

आत्याबाईंनी मागं वळून पाहिलं, माझ्याकडे. त्यांना वाटलं ते मला म्हणतायत.

“तुमास्नी म्हणतोय,” मामंजी म्हणाले. “बसा हितं.”

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मामंजींनी त्यांना कधी ‘अहो-जाहो’ केलं नव्हतं आणि त्या कधी सोप्यात त्यांच्या समोर बसल्या नव्हत्या. जेवायला वाढायच्या ते उभ्यानं. आत्याबाईंनी सूप माझ्या हातात दिलं, पदर नीट केला आणि घोंगडीच्या अगदी कडेला बसल्या, कधीही उठावं लागेल अशा. पहिलं प्यादं त्यांनी एक घर पुढं केलं. दहाएक चालींनंतर त्या मांडी घालून बसल्या होत्या आणि मामंजींचा हात मिशीवर होता.

तो डाव त्या हरल्या. पुढचाही हरल्या. चालींचे नियम त्यांना सगळे येत होते, पण आधी त्या माझ्या चाली दुरुस्त करत होत्या. आता पहिल्यापासून सगळं स्वतःच उभं करायचं होतं. मामंजींनी एकदा दया म्हणून हातात आलेला हत्ती सोडला. आत्याबाईंनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. “मारा की. मी काय भीक मागितली का?” त्यानंतर मामंजींनी कधी काही सोडलं नाही. संक्रांतीच्या सुमारास त्या जिंकू लागल्या. त्यांचं खेळणं बघायला कंटाळवाणं होतं. कुणाला पुढं पाठवायच्या नाहीत, एकमेकांना धरून ठेवायच्या, दुष्काळात रांजण जपावा तसे मोहरे जपायच्या. समोरचा माणूस कंटाळून चुकायचा. मामंजी रोज चुकायचे आणि रोज म्हणायचे, “ही काय लढाई हाय? हा तर वेढा हाय.”

माझी मात्र पंचाईत झाली. मला खेळायला कुणी उरलं नव्हतं. पण नियमांवरून वाद व्हायचे. राजा उडी मारून आधीच्या शहातून सुटला का, प्यादं शेवटच्या घरात गेलं की कोण होतं, असले. मग मामंजी हाक मारायचे, “सूनबाई, जरा बाहेर या. हिला सांगा.” मी पदर घेऊन जायची, निकाल द्यायची आणि उंबऱ्याजवळच टेकायची. हळूहळू आत परत जायचं राहून गेलं. शेजारच्या म्हातारीनं एकदा त्यावरून टोमणा मारला. मामंजी पटावरून नजर न उचलता म्हणाले, “ती पंच हाय. पंच आत कसा बसंल?”

उन्हाळ्यात नवरा रजेवर आला. न सांगता आला, आईला चकित करावं म्हणून. काळी ट्रंक खांद्यावर, दाढी वाढलेली, तो सोप्याच्या पायरीवर उभा राहिला. वर्षभर त्यानं आईच्या ज्या गळामिठीची वाट पाहिली होती, तिच्या जागी त्याला आईचा उभा तळहात दिसला.

“थांब रं बाळा,” आत्याबाई म्हणाल्या. “शह हाय.”

तो थांबला. मी तिथंच बसलेली, त्याच्या वडिलांच्या पुढ्यात, भर दिवसाउजेडी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग पत्त्यात काही चूक झाली का अशा नजरेनं घराच्या चौकटीकडे पाहिलं. मामंजींनी राजा हलवला. आत्याबाईंनी घोडा टाकला. मामंजींनी आपला हिरवा राजा पटावर आडवा केला आणि तो डाव संपला. तेव्हा कुठं आत्याबाई उठल्या, मुलाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि रडल्या. मामंजी अजून पटाकडेच बघत होते. ते मुलाला म्हणाले, “तुझी आई फौजेत असती तर आज मी तिला सलाम ठोकला असता.”

रजेत त्यानं दोघांशीही एकेक डाव खेळून पाहिला आणि माझ्याशी खेळायला नकार दिला. “घरात एक तरी माणूस असं असू दे, ज्याच्याकडून मी हरलेलो नाही,” तो म्हणाला. मी ते मान्य केलं.

मामंजी गेले ते दशक सरता सरता. आजार मोठा नव्हता, थंडी छातीत बसली एवढंच. त्यानंतर कितीतरी महिने आत्याबाईंनी पट पाहिला नाही. मी आठवण काढली नाही. मग एका दुपारी, उसाला तोड लागली होती आणि घरातले सगळे रानात होते, त्या स्वतःच कापडी पट घेऊन सोप्यात आल्या. मोहरे मांडले. मला हाक मारली, “ये, बस.”

एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एकमेकींसमोर कधीच बसलो नव्हतो. आधी त्या माझ्या बाजूनं होत्या, मग मी पंच होते. मी हिरवे घेतले. सुरुवातीला दोघींनाही बरं वाटेना. त्या माझा मोहरा मारायच्या आधी थांबायच्या, मी त्यांचा मारायच्या आधी थांबायची, आणि दोघीही उगाच पदर सारखा करायच्या. शेवटी त्यांनी माझा वजीर मारला आणि सुस्कारा सोडला. “चल, एकदाचं झालं,” त्या म्हणाल्या. त्यापुढं त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. माझ्याकडे राजा आणि एक उंट उरला. मात दोन-तीन चालींवर होती, मला दिसत होती, त्यांनाही दिसत असणारच.

त्यांनी मात दिली नाही. त्यांनी माझा शेवटचा उंट मारला. देशी नियमांत समोरच्याचा राजा एकटा उरला, तर त्याला बुर्जी म्हणतात. मग कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. हा नियम आम्हां तिघांत सगळ्यांत पक्का त्यांना ठाऊक होता.

“बुर्जी झाली,” मी म्हणाले.

“व्हय का?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मोहरे मांडू लागल्या. दुसरा डाव आम्ही दुधाची वेळ होईपर्यंत खेळत होतो.